उन्हातून आलेल्या माणसाला पाणी

दादा,

तू गेल्यापासून या घरात कुणीही काहीही बोलतं आणि त्याला कुणी अडवत नाही. पहिल्याच दिवशी शेजारचे काका आले, सोफ्याच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "काळानं झडप घातली हो सरांवर." माझे डोळे सवयीनं तुझ्या खुर्चीकडं गेले. तू असतास तर चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतंस, "काळाला पंजे असतात का हो?" काका ओशाळले असते, मी तुझ्यावर चिडले असते आणि वहिनींनी चहा आणून विषय बदलला असता. यातलं काहीच झालं नाही. काका थोडा वेळ बसले आणि गेले.

मी मुद्दाम शांत बसले होते, हेही सांगून टाकते. तुझी जागा घ्यायची मला हौस नाही. जन्मभर मी दुसऱ्या बाजूनं भांडले आहे. तू शाळेत विज्ञान शिकवलंस, मी मराठी, आणि दोघांचे विषय जेवणाच्या ताटाशी येऊन एकमेकांना भिडायचे. सिडकोतल्या या घरात मी रविवारी निबंधांचा गठ्ठा घेऊन आले की तू त्यातला एक ओढायचास. एका पोरीनं लिहिलं होतं, 'दिवसभर दमलेला सूर्य डोंगराआड झोपायला गेला.' मी तिला त्या वाक्यासाठी एक गुण जास्त दिला होता. तू खाली शिसपेन्सिलीनं लिहिलंस, 'सूर्य कुठंही जात नाही. आपण फिरतो. झोपही आपल्यालाच येते.' दुसऱ्या दिवशी ती पोरगी रडवेली होऊन वही दाखवायला आली. मी तुझी ओळ खोडून काढली आणि तिला आणखी एक गुण वाढवून दिला. तुला हे कधी सांगितलं नव्हतं. आता सांगते, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

तुला साधं बोलणं सहन व्हायचं नाही. "थंडी वाजते" म्हटलं की तू विचारायचास, कशी वाजते, ढोलासारखी की झांजेसारखी? "तारा तुटला" म्हटलं की वाळूच्या खड्याएवढा दगड हवेत घासून कसा जळतो ते सांगत बसायचास. आई असताना एकदा तिनं तुझ्या लहानग्या स्वातीला पपई देऊ नको, उष्ण पडते, असं म्हटलं तेव्हा तू शाळेच्या प्रयोगशाळेतला लांब थर्मामीटर घेऊन आलास. तो आधी पपईत खुपसलास, मग पुसून दह्याच्या पातेल्यात. दोन्हीकडं पारा तिथल्या तिथं. "बघ आई, उष्ण पपई आणि थंड दही. काडीचाही फरक नाही." आईनं थर्मामीटरकडं पाहिलं नाही की तुझ्याकडं. तिनं पपई उचलून मोलकरणीला देऊन टाकली, दही घासून घेतलेल्या पातेल्यात नव्यानं लावलं आणि म्हणाली, "तुह्या नळीला काय कळतंय रे? ती काय जेवती का?" मी पदर तोंडाला लावून हसत होते. तू माझ्यावर उखडलास. मी म्हटलं, आईचं उष्ण म्हणजे तापमान नाहीच मुळी, तिला पोटातलं काहीतरी म्हणायचंय. तू म्हणालास, मग तिनं दुसरा शब्द शोधावा. शब्द माझ्या बाजूचे आहेत की तुझ्या, हा आपला वाद तिथंच अडकला तो अडकलाच.

माझं म्हणणं होतं, बोलण्यानं कुणाचं काही बिघडत नाही. तुझं म्हणणं होतं, बिघडतं, फक्त तुला अजून बिघडलेलं दिसलं नाही.

खरं तर मला दिसलं होतं. माझ्या पत्रिकेत कडक मंगळ निघाला तेव्हा बघायला आलेल्या मंडळींच्या समोर, हातात पोह्यांची बशी धरून तू सांगितलंस की मंगळ लाल दिसतो कारण त्यावरच्या मातीत लोखंड आहे आणि ते गंजलंय. "एवढ्या लांबचा गंजलेला गोळा माझ्या बहिणीच्या संसारात कशाला लक्ष घालील?" मंडळी पोहे अर्धे टाकून उठली. आई आठवडाभर तुझ्याशी बोलली नाही. मीही बोलले नाही, कारण तो मुलगा मला आवडला होता. पण त्या दिवसापासून घरात माझ्या मंगळाबद्दल चकार शब्द निघाला नाही. आत्या यायची तेव्हासुद्धा नाही. पुढं मी लग्न केलं नाही ते माझ्या मर्जीनं, ग्रहाच्या नाही, हे सगळ्यांना मान्य करावं लागलं. टीव्ही सेंटरजवळचं माझं घर, माझी नोकरी, माझी स्कूटी, यातलं काही मी घाबरत घाबरत जगले नाही. तुझे आभार मानायचे राहून गेले. तू मानू दिले नसतेस. "आभार कसले, लोखंड गंजतं एवढंच सांगितलं," असं म्हणाला असतास.

आत्या म्हणजे वैजापूरची आपली मोठी आत्या. आई आजारी असताना तिनं तुला सांभाळलं होतं, त्यामुळे तिच्यापुढं तुझा आवाज जरा खाली यायचा. तरी ग्रहणाच्या वेळी तू तिलाही जुमानलं नाहीस. वहिनींना तेव्हा दिवस गेले होते, स्वाती पोटात होती. आत्या खास पहाऱ्याला आली होती. "शोभा, काई चिरायचं नाय, काई शिवायचं नाय, बाळाचा व्हट फाटंल." खिडक्यांना जाड चादरी लावून तिनं वहिनींना पाटावर बसवलं. तू स्वयंपाकघरातून काकडी आणि विळी आणलीस आणि वहिनींसमोर ठेवलीस. वहिनींनी हात मागं घेतले. तू म्हणालास, "मी सांगतो ना." त्यांनी तुझ्याकडं पाहिलं, आत्याकडं पाहिलं आणि काकडी चिरली. आत्या देवासमोर जाऊन बसली ती ग्रहण सुटेपर्यंत उठली नाही.

मी त्या दिवशी तुला बाहेर व्हरांड्यात गाठून म्हटलं होतं, तुझं खरं असेल, पण काकडी तू चिरायची होतीस. पोट त्यांचं, भीती त्यांची. वाद जिंकायला तू त्यांना पुढं केलंस, त्यांना विचारलंस का? तू चष्मा पुसत आत गेलास. त्याचं उत्तर अजून राहिलंय. स्वाती जन्मली तेव्हा वहिनींनी आधी तिचे ओठ पाहिले, मग बोटं, मग कान. सगळं जागच्या जागी. त्यानंतर वहिनींना दुसरा कुणाचा शब्द लागलाच नाही. तू सांगशील ते खरं. लिंबू-मिरची गेली, मांजर आडवं गेलं तर थांबणं गेलं, आणि उन्हातून आलेल्या माणसाला आधी गूळ द्यायची आपल्या घरची रीतही गेली.

ती रीत आपल्याकडं अजून घराघरात आहे. माणूस उन्हातून आला की त्याला सावलीत बसवायचं, हातावर गुळाचा खडा ठेवायचा, घाम सुकू द्यायचा, मग पाणी. आल्या आल्या पाणी दिलं तर नस बसते, छातीत धरतं, माणूस जागीच आडवा होतो, असं लहानपणापासून ऐकलेलं. तुला ते ऐकूनही संताप यायचा. "घाम म्हणजे अंगातलं पाणीच बाहेर गेलं ना? ज्याचं पाणी गेलं त्यालाच पाणी द्यायचं नाही?" तुझ्या दारात पोस्टमन येवो, भाजीवाली येवो, कुरिअरचा पोरगा येवो, वहिनी दार उघडायच्या त्या हातात तांब्या घेऊनच. नळाला पाणी कधी येईल याचा या शहरात भरवसा नाही, पण तुझा माठ कधी कोरडा नसायचा.

आता त्या दिवसाचं लिहायला हवं. मी टाळत होते.

मे महिन्याचं ऊन. तू पैठणला तुझ्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला गेला होतास, सोबत रशीदभाई होते. दुपारच्या एसटीनं परत आलात, स्टँडवरून तू रिक्षानं घरी आलास. सदरा पाठीला चिकटलेला होता, असं वहिनी सांगतात. खुर्चीत बसलास आणि म्हणालास, "शोभा, पाणी दे." त्यांनी माठातलं पाणी दिलं. तू प्यायलास. वहिनी ग्लास ठेवायला आत गेल्या, बाहेर आल्या तेव्हा तुझी मान एका बाजूला कलली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मला त्यांचा फोन आला, "मंदाताई, हे उठत नाहीत." माझ्या काळजाचं पाणी झालं.

थांब, बोलू नकोस. मला माहीत आहे, काळीज म्हणजे यकृत, मटणाच्या दुकानात जाऊन विचार म्हणजे कळेल, आणि त्याचं पाणी होत नाही. झालं. माझं झालं. तुझ्या पुस्तकात त्यासाठी दुसरा शब्द असेल तर तो तुझ्याजवळ ठेव. मी हाच वापरणार आहे, आणि सूर्य मावळतो असंही म्हणणार आहे. एवढ्यानं तुझ्यामाझ्यातला वाद मिटला असं समजू नकोस.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचा झटका मोठा होता, आतल्या वाहिन्या आधीपासून भरत आलेल्या असणार. स्वाती पुण्याहून पोचली. तुला अंगणात ठेवलं होतं. आणि आत्या, जिनं तुला मांडीवर खेळवलं ती आत्या, तुझ्या पायाशी बसून रडत रडत म्हणाली, "शोभा, उन्हातून आला तं लगेच पाणी दिलंस व्हय गं? पाण्यानंच घात केला माह्या लेकराचा."

तिच्या मनात वहिनींबद्दल काही वाकडं नव्हतं. तिला दुःखाला कुठंतरी टेकवायचं होतं. पण वाक्य बोललं गेलं आणि ते घरभर फिरलं. चुलत्यांनी ऐकलं, शेजाऱ्यांनी ऐकलं. भेटायला येणारी बाई वहिनींचा हात हातात घ्यायची आणि हळूच विचारायची, "गार पाणी होतं का हो? माठातलं?" जणू साधं असतं तर बरं झालं असतं. पुरुष मंडळी बाहेर मंडपात एकमेकांना सांगत होती, कुणाच्या गावात कोण असाच गेला. विज्ञानाचे मास्तर, आणि त्यांच्याच घरात एवढं साधं कळू नये, असंही एक जण म्हणाला. तो मला ओळखत नव्हता. आता ओळखतो.

वहिनी एका शब्दानं कुणाला उलटून बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी स्कूटीवरून भर दुपारी आले. वहिनींनी मला दारात पाहिलं, आत बसवलं, माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि समोर बसून माझ्या कपाळाकडं बघत राहिल्या. मी पाणी मागितलं. त्या म्हणाल्या, "घाम सुकू द्या." घाम सुकल्यावर त्यांनी फुलपात्रात थोडंसं पाणी दिलं आणि मी ते पिऊन संपवेपर्यंत माझ्या तोंडावरची नजर काढली नाही. मग मी मागच्या अंगणात गेले. माठ रिकामा करून पालथा घातला होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या स्वतःही दिवसभरात जेमतेम दोन घोट पितात. त्यांचे ओठ सुकून फुटले होते.

मी डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. ते भले माणूस, समजुतीनं बोलले. उन्हातून आलेल्या माणसाला पाणी देणं योग्यच, झटक्याचा आणि पाण्याचा काही संबंध नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. वहिनींनी सगळं ऐकलं. फोन बंद झाल्यावर म्हणाल्या, "डॉक्टर समाधानासाठी बोलतात, मंदाताई." मी ग्रहणाची आठवण काढली. काकडी चिरली होती, काय झालं स्वातीला? त्यांनी फोन उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "तव्हा माझं नशीब बलवत्तर होतं. ह्या वेळी नव्हतं. इतके दिवस मी उगंच समजत होते का ह्यांचंच खरं."

दादा, तुझ्या जाण्यानं मला जेवढं रडू आलं नाही तेवढं या वाक्यानं आलं. तू जन्मभर जे बांधलंस ते एका वाक्यात पडलं. आणि बाई बिचारी स्वतःला खुनी समजून घरात फिरत होती.

त्यानंतर रशीदभाई आले. तुझे शाळेपासूनचे दोस्त, शहागंजात ज्यांचं शिलाईचं दुकान आहे आणि ज्यांनी शिवल्याशिवाय तू कधी सदरा घातला नाहीस. मातीला आले होते पण दूर उभे राहून गेले होते. या वेळी फाटकापाशीच थांबले. मी आत या म्हटलं तर मान हलवली. "मंदाबहेन, एक बात पेट में लेके फिर रा हूं. कोई का मुंह देखनेकू नहीं होता." मग मराठीत, मग हिंदीत, अडखळत त्यांनी सांगितलं. लग्नात, जेवायच्या आधीच, तू छाती चोळत होतास. ते म्हणाले, चल, इथं कुणी डॉक्टर असेल त्याला दाखवू. तू हसून म्हणालास, "काही नाही रे रशीद, पित्त खवळलंय. उपाशीपोटी चहा झाला." पैठणच्या स्टँडवर त्यांनी तुला सोडा पाजला. तुला ढेकर आला आणि तू म्हणालास, "बघ, गॅस होता. गेला." बसमध्ये बिडकीनच्या पुढं तू पुन्हा डावा हात दाबत होतास. त्यांनी विचारलं तर म्हणालास, दांडा धरून आखडलाय. "मैंनेच सोडा पिलाया, बहेन. उसी वक्त दवाखाने लेके जाना था मेरेकू."

मी त्यांना सांगितलं, तुमचा काही दोष नाही. ते मी अगदी शांतपणे सांगितलं. पण त्यांच्या मागं फाटक लावलं आणि माझा संताप उफाळला.

पित्त! पित्त म्हणालास तू! पित्त कुठं तयार होतं, कुठं साठतं, कुठल्या नळीतून कुठं जातं, याची आकृती तू किती पिढ्यांना फळ्यावर रंगीत खडूनं काढून दाखवलीस. पित्त छातीत चढत नाही, डाव्या हातात उतरत नाही, हे तुला माहीत होतं. आईच्या पपईत थर्मामीटर खुपसणारा तू. पोरीच्या निबंधातला सूर्य जागेवर थांबवणारा तू. काळाला पंजे असतात का, असं विचारणारा तू. सगळ्या गावाची वाक्यं तपासलीस आणि स्वतःच्या छातीत दुखलं तेव्हा आईच्या तोंडचं वाक्य उचललंस. का? घाबरलास म्हणून? लग्नात गडबड नको म्हणून? की त्या वाक्यात बरं वाटतं म्हणून? बरं वाटतंच, दादा, हेच तर मी तुला इतकी वर्षं सांगत होते. पण त्या वाक्याच्या आधारानं तू दुखणं अंगावर काढावंस म्हणून मी हे सांगत नव्हते.

मेलेल्या माणसाशी असं भांडू नये म्हणतात. मी भांडणार. तूही माझ्याशी कधी सांभाळून भांडला नाहीस.

जाताना रशीदभाई एवढंच म्हणाले होते, "किसीकू मत बोलो. सर की इज्जत का सवाल है." तेही खरं होतं. तुझे विद्यार्थी रोज येत होते. एक जण डोळे पुसत म्हणाला, सर शेवटच्या श्वासापर्यंत विज्ञानानं जगले. तेराव्याला तेच लोक यायचे होते, दोन शब्द बोलायचे होते. त्यांच्यासमोर मी सांगायचं की सर पित्त समजून सोडा प्यायले आणि दवाखान्याच्या दारावरून घरी आले? तू काय म्हणाला असतास, मला माहीत नाही. कदाचित म्हणाला असतास, सांग, चूक लपवायची नसते. कदाचित अभिमानानं गप्प बसला असतास. तू वहिनींपुढं काकडी ठेवण्याआधी त्यांना विचारलं नव्हतंस. मीही तुला विचारलं नाही. तुझी इज्जत तुझ्याबरोबर गेली तरी चालेल, असं मी ठरवलं. वहिनींना अजून पुष्कळ उन्हाळे काढायचे आहेत. स्वातीला मात्र मी आधी सांगितलं. ती म्हणाली, "मंदाआत्या, सगळ्यांसमोर सांग. आईला एकटीला सांगितलंस तर ती म्हणेल, समाधानासाठी बोलताय."

तेराव्याला जेवणं झाली. कूलर घरघरत होता. तुझा फोटो, हार, सगळं रीतीप्रमाणं होतं. तुला नको होतं ते, पण आत्याला हवं होतं, आणि ती जिवंत आहे. विद्यार्थी बोलले. चांगलं बोलले. मग मी उभी राहिले. रशीदभाई दाराशी बसले होते. मी बोलणार हे त्यांना सकाळीच सांगितलं होतं. मी तुझं कौतुक केलं नाही. म्हटलं, सरांना सकाळपासून छातीत दुखत होतं. त्यांनी पित्त म्हणून सोडून दिलं. डावा हात दुखला, तो आखडला म्हणून सोडून दिला. वेळेवर दवाखान्यात गेले असते तर कदाचित आज आपण इथं जमलो नसतो. ज्या माणसानं आपल्याला प्रत्येक वाक्याचा पुरावा मागायला शिकवलं, त्यानं स्वतःच्या वाक्याचा पुरावा मागितला नाही. त्याला पाण्यानं मारलं नाही. वहिनींनी दिलेल्या पाण्यानं तर नाहीच. तुमच्यापैकी कुणाला छातीत दुखलं तर सोडा पिऊ नका, रिक्षा करा.

रशीदभाईंनी मान खाली घातली आणि पुन्हा वर केली. म्हणाले, "सच है. मैं साथ में था."

आत्या भिंतीला टेकून बसली होती. ती डोळे पुसत म्हणाली, "आसंल बाई. तुमी शिकलेली माणसं. पण नसतं दिलं पाणी लगेच, जरा थांबली आसती तं... काय म्हाईत."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण माझ्या आधी स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. वहिनी तिथं कधीपासून उभ्या होत्या कुणास ठाऊक. लग्न होऊन या घरात आल्यापासून आत्यापुढं त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. तेव्हाही चढला नाही. पण सगळ्यांना ऐकू गेला.

"आत्याबाई, सकाळपासून दुखत व्हतं त्यांचं. मला म्हाईत नव्हतं. घरी आले आन् पाणी मागितलं. मी म्हणले आसते का थांबा, आधी गूळ खा, घाम सुकू द्या, तरी ते गेलेच आसते. तहानलेले गेले आसते." त्या थांबल्या. पदर तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली घेतला. "मी कुणाला सांगितलं नाय, कारण कुणी इचारलंच नाय. समदे पाणी गार व्हतं का तेवढंच इचारत व्हते. ग्लास रिकामा करून माझ्या हातात दिला त्यांनी. डोळे मिटले. आन् म्हणाले, बरं वाटलं."

दादा, आत्या रडली, मग स्वाती रडली, मग मी. वहिनी रडल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि पाणी प्यायल्या. उभ्यानं, पूर्ण ग्लास. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहिलं.

तुझी बाजू मी घेतलेली नाही. मला अजून तुझ्याशी पुष्कळ भांडायचं आहे आणि तुझ्याविना ते भांडण मी एकटीनं दोन्ही बाजूंनी चालू ठेवीन. पण त्या पाण्याबद्दल या घरात, या गल्लीत, वैजापुरात किंवा आणखी कुठं ज्याला काही म्हणायचं असेल, त्यानं माझ्यासमोर येऊन म्हणावं. मी कुठंही जाणार नाही.